भिंत मिळाली, पण नोंद कुठंय?

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की विद्यापीठाच्या म्युझियममध्ये मडकी नि नाणी असतात, त्यांचा आसपासच्या चित्रकारांशी काय संबंध, आणि मी चारच ओळींत उत्तर दिलं होतं की तसं काही नाही हो, अमेरिकेत आयोवा राज्यात एम्स नावाचं गाव आहे, तिथल्या आयोवा स्टेट विद्यापीठात (तेव्हा ते कॉलेजच म्हणवायचं) डेअरीच्या भिंतीवर मातीच्या गाई आहेत आणि त्या घडवणारा माणूस चक्क कॉलेजच्या पगारावर होता. एवढंच लिहिलं होतं, तर त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की संपादक म्हणाले, ताई, या वेळी अख्खं सदर यालाच देऊन टाका. म्हणून ऑइल कलर वाळत नाही, फ्रेमला वाळवी लागली वगैरे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

नवीन वाचकांसाठी सांगते, मी अठ्ठावीस वर्षं शाळेत ड्रॉइंग टीचर होते. रिटायर झाल्यावर लेकीच्या बाळंतपणाला एम्सला गेले ती सात महिने राहिले, जावई तिथे पीएचडी करत होते. बाळ झोपलं की मी कोट-टोपी चढवून कॅम्पसवर भटकायला मोकळी. तर जे सांगतेय ते त्या भटकण्यातलं आणि थोडं वाचलेलं.

ताई, माझ्या मुलाला एम्सलाच इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालीय. तुमच्या त्या डेअरीतल्या गाईंचं वाचून आश्चर्य वाटलं. शेती आणि इंजिनिअरिंगच्या कॉलेजने पगार देऊन शिल्पकार कशाला ठेवला असेल? — एक आई, नाशिक

आधी मुलाचं अभिनंदन. आणि त्याला म्हणावं थर्मल वेअर तिकडे जाऊन घे, इथून लोकरीचे मोजे नेऊन काही होत नाही.

आता शिल्पकार. १९३०च्या दशकात अमेरिकेत महामंदी होती हे माहीतच आहे, लोकांच्या नोकऱ्या गेल्या तशी चित्रकारांचीही कामं गेली, तेव्हा सरकारने १९३३च्या डिसेंबरमध्ये एक योजना काढली की चित्रकार-शिल्पकारांना आठवड्याच्या पगारावर घ्यायचं आणि सरकारी इमारतींसाठी कामं करून घ्यायची. जेमतेम सहा-सात महिने चालली ती योजना, पण तेवढ्यात साडेतीन हजारांवर कलाकारांना काम मिळालं आणि पंधरा हजारांवर कलाकृती झाल्या. म्हणजे रोजगार हमीच, फक्त खडी फोडण्याऐवजी चित्रं. आयोवाचं काम बघत होता ग्रँट वुड, तोच तो, हातात गवताचा काटा धरलेला शेतकरी आणि शेजारी आंबट चेहऱ्याची बाई, ते 'अमेरिकन गॉथिक' चित्र काढणारा. आणि एम्सच्या कॉलेजचे प्रेसिडेंट होते रेमंड ह्यूज. हे ह्यूज म्हणजे आधीपासूनच वेगळं डोकं, त्याआधी ओहायोत मायामी युनिव्हर्सिटीत असताना त्यांनी १९२० साली एका कवीला कॅम्पसवर आणून ठेवलं होतं, शिकवायचं बंधन नाही, राहा आणि लिही. तर या ह्यूजनी वुडकडून लायब्ररीसाठी मोठी म्युरल, म्हणजे भिंतीवर लावायची चित्रं, करून घेतली. ती रंगवली कुठे माहितीये? आयोवा सिटी या दुसऱ्या गावच्या विद्यापीठातल्या बंद पडलेल्या स्विमिंग पूलमध्ये. नाव दिलंय 'नांगर चालू लागला की बाकीच्या कला मागोमाग येतात' अशा अर्थाचं, आणि आजही लायब्ररीच्या जिन्यात ती आहेत.

या वुडच्या टीममध्ये एक होता ख्रिश्चन पीटरसन. जन्म डेन्मार्कचा, १८८५चा, लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेत आलेला, आणि शिल्पकार म्हणून नाव होण्याआधी पोटासाठी पदकांचे आणि बिल्ल्यांचे साचे कोरायचा. हे मुद्दाम सांगते कारण त्याचा हात बघितला की ते कळतं, उथळ कोरीवकामात सगळं बसवायची सवय. डेअरीच्या बिल्डिंगच्या अंगणात त्याला भिंत दिली, आणि १९३४-३५मध्ये त्याने दुग्धव्यवसायाचा अख्खा इतिहास टेराकोटात, म्हणजे भाजलेल्या मातीत, उभा केला. एका बाजूला हाताने धार काढणं आणि लोणी घुसळणं, दुसऱ्या बाजूला मशीनवर धार आणि चीज बनवणं, आणि मधोमध तीन जर्सी गाई माना खाली घालून पाणी पिताहेत, आणि खाली खरोखरचं पाण्याचं कुंड. मी पहिल्यांदा गेले तेव्हा थंडीमुळे कुंडात पाणी नव्हतं, नुसती पानं पडलेली, आणि तरी त्या गाईच्या मानेखालची लोंबती कातडी, म्हणजे पोळी, बघून मला आमच्या कराडच्या वाड्यातली गोठ्यातली कपिलाच आठवली. जर्सी गाईला कुठली एवढी पोळी असं कोणी म्हणेल, म्हणू दे. या पाट्या भाजल्या कोणी, तर कॉलेजच्याच सिरॅमिक इंजिनिअरिंगवाल्यांच्या मदतीने. म्हणजे शेतीवाले म्हणणार गाय अशी दिसते, इंजिनिअर म्हणणार भट्टी अशी लागते, आणि शिल्पकार मध्ये. मला हे फार आवडलं.

योजना १९३४च्या उन्हाळ्यात संपली पण पीटरसन परत गेला नाही, ह्यूजनी त्याला ठेवूनच घेतलं. तो १९५५ला रिटायर झाला, म्हणजे एकवीस वर्षं तिथेच, वर्गही घ्यायचा आणि कॅम्पसभर कामंही करायचा. जनावरांच्या डॉक्टरचा एक पुतळा आहे त्याचा, १९३७-३८चा, डॉक्टर उभा, हातात आजारी पिल्लू, आणि पायाशी पिल्लाची आई वर बघतेय. बस, एवढंच. ना घोडा, ना तलवार, ना हात वर करून भाषण. पुढे तो पुतळा व्हेटर्नरी पेशाचीच खूण होऊन बसला. मुलींच्या हॉस्टेलपाशी दगडातल्या मुली गप्पा मारत बसल्यात त्याही याच्याच. तुमच्या मुलाला म्हणावं पहिल्याच आठवड्यात बघून ये, नंतर असाइनमेंट सुरू झाल्या की चार वर्षं समोरून जाशील आणि बघणार नाहीस, आमच्या जावयांनी तेच केलं.

मी एटीडी, जीडी आर्ट (चित्रकलेचे डिप्लोमे) झालेला आहे आणि हायस्कूलला आहे. एकाला नोकरी दिली हे ठीक, पण बाकीच्या गावोगावच्या कलाकारांचं काय? विद्यापीठांचा कलाकारांसाठी प्रोग्राम प्रोग्राम म्हणतात तो नक्की असतो काय? — बार्शीहून

सर, बरोबर जागी बोट ठेवलंत. एकाला पगार म्हणजे एकाचंच भलं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला एम्समध्ये नाही, शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये सापडलं. तिथे मॅडिसनच्या विद्यापीठाने १९३६ला जॉन स्ट्युअर्ट करी नावाच्या चित्रकाराला ठेवून घेतलं, हा कॅन्ससचा शेतकऱ्याचा पोरगा, आणि ठेवलं कुठल्या कॉलेजात तर शेतकी कॉलेजात! फाइन आर्टमध्ये नाही. आणि त्याने काय केलं, तर गावोगाव जाऊन जे शेतकरी, शेतकऱ्यांच्या बायका, मास्तर-मास्तरणी फावल्या वेळात चित्रं काढतात त्यांची चित्रं बघायची, घरी बसून बोलायचं. १९४०पासून त्यांचं प्रदर्शन विद्यापीठात दरवर्षी भरायला लागलं. पुढे त्याचाच रिजनल आर्ट प्रोग्राम झाला, गावागावांत वर्कशॉप आणि शो, त्यातली निवडक चित्रं राज्याच्या शोला जायची. करी १९४६ला गेला पण प्रोग्राम चालूच राहिला, आणि मला वाटतं त्याचं कारण असं की तो करीच्या नावावर नव्हताच, शेतीचं एक्स्टेन्शनचं काम जसं बियाणं आणि खत घेऊन गावात जातं त्याच वाटेने तो गेला. आपल्याकडे कृषी विद्यापीठाची जीप गावात येते ना, तिच्यात एक चित्रकार बसलाय अशी कल्पना करा.

आता म्युझियमचं. म्युझियम गावच्या कलाकाराला मोजून तीन-चार गोष्टी देऊ शकतं. भिंत देऊ शकतं, म्हणजे शो. काम देऊ शकतं, म्हणजे नव्या इमारतीत बसवायला काहीतरी करून मागणं. विकत घेऊ शकतं. किंवा राहायला जागा आणि स्टुडिओ देऊ शकतं काही महिने. यातली भिंत सगळ्यात स्वस्त पडते म्हणून सगळे तीच देतात, आणि महिन्याने चित्र परत घरी, कलाकाराच्या खिशात टेम्पोचं बिल. खरा फरक पडतो विकत घेण्याने आणि काम देण्याने. त्याला पैसा लागतो आणि पैसा कुठून येतो हा कंटाळवाणा पण मुख्य मुद्दा आहे. आयोवा राज्याने १९७०च्या दशकाच्या शेवटी कायदाच केला होता की सरकारी इमारत बांधताना बांधकामखर्चातला अर्धा टक्का कलेवर घालायचा. अर्धा टक्का म्हणजे शंभर रुपयांत पन्नास पैसे, पण लॅबची बिल्डिंग पाच-पन्नास कोटींची असते तिथे अर्ध्या टक्क्यात एका माणसाचं दोन वर्षांचं घर चालतं. एम्सच्या म्युझियमने या पैशाचा चांगला उपयोग केला, कॅम्पसभर कामं आहेत, आतसुद्धा आणि बाहेरसुद्धा. आणि त्यात एक पद्धत मला फार पटली, कुठल्या बिल्डिंगला काय हवं हे ठरवायला त्या बिल्डिंगमध्ये बसणाऱ्या लोकांची कमिटी असते, प्रोफेसर, विद्यार्थी, आर्किटेक्ट, म्युझियमवाले. त्यांनी आधी बसून हे लिहायचं की आम्हाला या कामातून काय म्हणायचंय, मग कलाकार शोधायचा. आपल्याकडे आधी साहेबांचे मेव्हणे ठरतात मग विषय.

पण एक सांगते, भाबडेपणा नको. स्थानिक आहे म्हणून आपोआप नंबर लागतो असं तिकडेही नाही, काम बाहेरच्या मोठ्या नावाला गेलं म्हणून कुरकुर तिकडेही चालते. खुद्द पीटरसनची शिल्पं एकत्र बघायला मिळतील असं त्याच्या नावाचं म्युझियम कॅम्पसवर झालं ते २००७ साली, म्हणजे तो जाऊन सेहेचाळीस वर्षांनी, जुना मॉरिल हॉल दुरुस्त करून.

आपल्याकडे असं काहीच नाही का? नेहमी अमेरिकेचीच उदाहरणं! — पुण्याहून एक त्रासलेले आजोबा

आहे की आजोबा, आणि त्यांच्या बरोबरीचं आहे. शांतिनिकेतनला रामकिंकर बैज यांनी १९३८ला संथाळ कुटुंबाचं शिल्प केलं, आई, बाप, मूल, कुत्रा, आणि कावडीत सामान, उघड्यावर उभं. ब्रॉन्झला पैसे होते कुठे, म्हणून सिमेंट आणि तिथली लाल मुरमाड खडी. वर्ष बघा, तिकडे जनावरांच्या डॉक्टरचा पुतळा झाला तेच. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल आणि दोघेही देव-राजे सोडून समोरून चाललेला माणूस घडवत होते. तिथल्या कलाभवनाचं, म्हणजे कलाशाळेचं, काळं घर आहे, मातीचं, डांबर फासलेलं, विद्यार्थ्यांचं हॉस्टेल ते, आणि त्याच्या भिंतींवर मास्तर आणि पोरं दोघांनी मिळून उठावाची कामं केलीत. डिसेंबरच्या १ आणि २ तारखेला तिथे नंदन मेळा भरतो, ३ तारखेला तिथले मास्तर, चित्रकार नंदलाल बोसांचा जन्मदिवस असतो त्याच्या आदल्या दोन दिवशी, विद्यार्थी आणि शिक्षकांनी केलेल्या वस्तू विकतात आणि पैसे विद्यार्थ्यांच्या मदतनिधीला. एकदा जाऊन या, हॉटेल मात्र चार महिने आधी बघा.

बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५०ची, तिथे पेंटिंगला आपले इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे होते, आणि १९६१पासून त्यांचाही फेअर. आणि आपलं मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट तर १८५७चं, त्याच्याकडे जुन्या विद्यार्थ्यांची कामं आहेत ती बघितली तर तोंडात बोट जातं.

नाही ते काय सांगू? तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कॉलेजांमध्ये ही सवय नाही. वार्षिक प्रदर्शन होतं, रिबन कापतात, बक्षिसाची चित्रं प्राचार्यांच्या केबिनमध्ये लागतात, आणि पाच वर्षांनी प्राचार्य बदलले की जिन्याखाली. जिन्याखालची खोली हेच आपलं म्युझियम. त्याला ना रजिस्टर ना किल्लीचा पत्ता.

मी सांगली जिल्ह्यातला लँडस्केप करणारा आहे. एका विद्यापीठाने नवीन आर्ट गॅलरीसाठी माझी दोन चित्रं "कायमस्वरूपी" मागितलीत. पैसे नाहीत, सत्कार करणार म्हणतात. घरचे म्हणतात देऊन टाक, नाव होईल. काय करू? — (नाव छापू नका अशी विनंती)

नाव छापत नाही, काळजी नको. आणि घाईने हो म्हणू नका, पण तोंडावर नाहीही म्हणू नका, कारण विद्यापीठाच्या संग्रहात चित्र असणं ही खरंच मोठी गोष्ट आहे, फक्त ते खरोखर संग्रहात जायला हवं. शाल-श्रीफळ घ्या, पण त्याआधी एक कागद घ्या.

पहिलं विचारा की हे दान आहे की उसनं. "कायमस्वरूपी" हा शब्द फार लबाड, त्याचा दोन्हीकडून अर्थ लागतो. उसनं असेल तर किती वर्षांसाठी ते लिहा, आणि विमा कोण उतरवणार तेही. म्युझियमवाल्यांत एक बोलायची पद्धत आहे, खिळ्यापासून खिळ्यापर्यंत विमा, म्हणजे तुमच्या घरच्या खिळ्यावरून चित्र उतरलं तिथपासून ते परत त्याच खिळ्यावर चढेपर्यंतची सगळी जबाबदारी त्यांची. वाटेतला टेम्पो धरून. दान असेल तर विचारा की नोंद कुठल्या रजिस्टरला होणार आणि नंबर काय. नंबर देता येत नसेल तर तिथे संग्रह नाही, नुसती सजावट आहे, मग उसनंच द्या.

मग देताना चित्राची अवस्था लिहून दोघांनी सह्या करायच्या. मी हे पहिल्यांदा एम्सला बघितलं, एका शोच्या आधी म्युझियममधली एक मुलगी हातमोजे घालून, टॉर्च तिरपा धरून एका चित्राकडे इंच-इंच बघत होती आणि कागदावर लिहीत होती, उजवा खालचा कोपरा, रंगाला केसाएवढी चीर, जुनी. "जुनी" हा शब्द तिने लिहिला म्हणून उद्या कोणी कोणावर ढकलणार नाही. टॉर्च तिरपा धरायचा हे लक्षात ठेवा, समोरून प्रकाश टाकला तर चिरा दिसत नाहीत, बाजूने टाकला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. घरी करून बघा आज, स्वतःच्याच चित्रात काय काय दिसेल. फोटो काढा, मागच्या बाजूचाही.

कॉपीराइटचं तर लोकांना माहीतच नसतं. चित्र विकलं किंवा दान दिलं म्हणजे कॉपीराइट गेला असं नाही, आपल्या १९५७च्या कायद्याने स्वतःहून काढलेल्या चित्राचा तो तुमचाच राहतो आणि तुमच्यामागे साठ वर्षं वारसांकडे, तुम्ही लेखी देऊन टाकला तरच जातो. तेव्हा ते फॉर्म देतील त्यात बारीक अक्षरात "सर्व हक्कांसह" असं काही आहे का बघा. कॅलेंडर छापायचं असेल तर विचारून छापा आणि खाली नाव टाका, एवढं म्हणायला काय हरकत आहे? फुकट देतोय ना आपण.

आता माझं एक दुखणं सांगते, कुठलं कॉलेज ते सांगणार नाही. तीसेक वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या पोर्चमध्ये मी आणि माझ्या शाळेतल्या सहा मुलींनी दिवाळीच्या सुट्टीत ऊसतोडीचं चित्र केलं होतं, चौदा फूट लांब, आधी भिंतीला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपर मारला, दोन हात अस्तर, मग रंग. कोयता वर गेलेली एक बाई मधोमध होती, तिच्या पाठीवरच्या चोळीचा रंग जमेना म्हणून तीन दिवस घालवले. अकरा वर्षं राहिलं. मग कुठलीतरी कमिटी येणार म्हणून सगळ्या कॉलेजला एकच क्रीम रंग मारला, त्यात ती बाई गेली. मला कळलं कधी, तर भाच्याच्या ॲडमिशनला गेले तेव्हा. विचारलं तर क्लार्क म्हणाला मॅडम इथे चित्र होतं? त्याचं खरं होतं, कुठेच काही लिहिलेलं नव्हतं, माझ्याकडेही एक धुरकट फोटो सोडून काही नाही. तेव्हा मी गप्प घरी आले.

नंतर कितीतरी वर्षांनी शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या केसबद्दल वाचलं. दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांचं प्रचंड ब्रॉन्झ म्युरल होतं, १९५७ला काम मिळालेलं, १९६२ला पुरं झालेलं. १९७९ला नूतनीकरणात सरकारने ते उतरवून गोदामात टाकलं, तुकडे झाले, काही हरवले. सहगल कोर्टात गेले, आणि २००५ला दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की वस्तू सरकारची असली तरी कलाकाराचा तिच्यावर नैतिक हक्क राहतो, ती अशी उद्ध्वस्त करता येत नाही, उरलेलं काम त्यांना परत द्या आणि पाच लाख भरपाई द्या. कायद्यातलं ५७ नंबरचं कलम, लिहून ठेवा. मी काही कोर्टात गेले नसते चौदा फुटी ऊसतोडीसाठी, पण तुमच्या पत्रात एक ओळ टाका की काढायचं किंवा हलवायचं झालं तर आधी मला कळवावं. भांडायला नाही हो, निदान फोटो तरी काढून ठेवता येतो.

आम्ही आयोवातच राहतो. मी वारली आणि रांगोळी करते. इथल्या कॉलेजचं म्युझियम दिवाळीला डेमोसाठी बोलावतं, पण शोसाठी कधीच नाही. आम्ही "लोकल आर्टिस्ट" नाही का? — डे मॉइनहून एक ताई

आहात की! पीटरसन तरी कुठे आयोवाचा होता, डेन्मार्कहून आलेला पोरगा तो. जिथे राहता, टॅक्स भरता, बर्फ उपसता, तिथल्या लोकल तुम्ही. पण डेमो आणि शो यात फरक आहे आणि तो फरक त्यांना तुम्हीच करून द्यावा लागेल, कारण दिवाळीला बोलावणाऱ्या बाई एज्युकेशनच्या असतात आणि शो ठरवणारे दुसरे. पुढच्या वेळी डेमोला गेलात की मानधन विचारा, न लाजता, आणि दहा चांगले फोटो, साइज-माध्यम-वर्षासकट, क्युरेटरला, म्हणजे शो ठरवणाऱ्याला, वेगळे पाठवा. दिवाळीचा उल्लेखही करू नका त्या मेलमध्ये.

एक मात्र मनापासून विचारते, वारली तुम्ही शिकून करताय की वारली घरातल्या आहात? शिकून करत असाल तर तसं लिहा. डहाणू-तलासरीकडची माणसं अजून हे काढतात, जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे जग त्यांना ओळखायला लागलं, आणि वारली चित्रकलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेला आहे. एम्सच्या मेमोरियल युनियनसमोर पीटरसनचं १९४१चं कारंजं आहे, चार ऋतूंच्या चार आदिवासी बायका, कल्पना घेतली ओसेज लोकांच्या मका पेरण्याच्या गाण्यावरून. फार सुंदर आहे, मी तिथे बाळाची गाडी घेऊन बसायचे. पण विषय आदिवासी आणि हात डॅनिश, आणि तासाभरावर टामाला मेस्क्वाकी लोक राहतात ज्यांनी १८५७ला स्वतः पैसे देऊन आपली जमीन परत विकत घेतली. त्यांच्यातल्या कोणाला हे कारंजं करायला दिलं असतं तर कसं झालं असतं, हा विचार मला तिथे बसल्या बसल्या यायचा, आणि तोच आपल्यालाही लागू आहे ना, म्हणून म्हटलं.

तुमच्याबरोबर कोणी स्टुडंट व्हिसावरची मुलगी चित्रं विकणार असेल तर तिला आधी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला विचारू दे. पैसे घेणं हे काम धरलं जाऊ शकतं, उगीच व्हिसाला धक्का नको.

तो काटेवाला शेतकरी एम्सला बघायला मिळतो का? — इयत्ता नववी, सातारा

नाही बाळा, तो शिकागोला. १९३०ला तिथल्या स्पर्धेत त्याला तीनशे डॉलरचं बक्षीस मिळालं आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने ठेवून घेतला. शेजारची बाई वुडची बहीण आहे आणि शेतकरी म्हणून उभे राहिलेत त्यांच्या गावचे दातांचे डॉक्टर. आणि वुडही तुमच्या सरांसारखाच शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. पुढे गावातल्या अंत्यविधीचं सामानसुमान बघणाऱ्या एका धंदेवाल्याने त्याला आपल्या घोडागाडीच्या शेडचा माळा राहायला दिला, तिथेच त्याने हे चित्र केलं. ही पण मदतच, कुठल्या म्युझियमने केली नाही.

आमच्या हायस्कूलमध्ये कपाटात १९८०पासूनची मुलांची चित्रं आहेत, त्यातली दोन-तीन मुलं आज नावाजलेली आहेत. जवळच्या विद्यापीठाला देऊ का? — कला शिक्षिका, लातूर जिल्हा

द्याल, पण आधी तुमची यादी होऊ द्या. न मोजता दिलेला गठ्ठा तिकडे गठ्ठाच राहतो.

पावसाळा संपल्यावर कपाट उघडा, आता नको, दमट हवेत कागद हलवला की बुरशी एकावरून दुसऱ्यावर जाते. तोंडाला रुमाल बांधा. मोठ्या टेबलावर धुतलेली चादर घाला आणि एकेक काढा. जुनी सेलोटेप दिसली तर ओढू नका, कागद सोलून येतो, तशीच राहू द्या. दोनशे पानी रजिस्टर घ्या आणि रकाने आखा, नंबर, मुलाचं नाव, इयत्ता, वर्ष, स्मरणचित्र की स्थिरचित्र की संकल्पचित्र, कागदाचा साइज, रंग कुठला, काय बिघडलंय. साइज इंचात लिहा, हाफ इम्पिरियल म्हणून सोडून देऊ नका, कापलेले कागद निघतात. नाव माहीत नसेल तर रकाना रिकामा सोडा, अंदाजाने भरू नका, गावातल्या जुन्या मुलांना बोलवा एक दिवस, चहा पाजा, ते ओळखतात एकमेकांचे हात. आमच्याकडे एकाने तीस वर्षांनी स्वतःचं चित्र ओळखलं ते शेळीच्या पाच पायांवरून.

नंबर चित्राच्या मागे, खालच्या डाव्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलने, दाबून नाही. बॉलपेन अजिबात नको, पुढून उमटतं आणि पाच वर्षांनी निळी सावली दिसते. तोच नंबर रजिस्टरमध्ये आणि फोटोच्या फाइलला. प्लॅस्टिकच्या पिशवीत काही घालू नका.

झालं की मला पहिल्या पानाचा फोटो पाठवा, विद्यापीठाला पत्र कसं लिहायचं ते मग दोघी मिळून बघू.